तहानलेल्या तुळया

यंदा पुन्हा भुसा पडला. सातवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवून मी जेवायला उठले होते. परत येऊन बघते तर वरच्या पेपरावर पिवळसर पीठ, चिमूटभर. ज्वारीच्या पिठासारखंच दिसतं, पण बोटांत चोळलं की खरखर लागतं. मान वर करून बघितलं तर पाचवी तुळई. म्हटलं, आलास का बाबा, शिमगा झाला की तुला बरोबर जाग येते.

फुंकर मारून पेपर साफ केला, पण डोकं तापलं ते तापलंच. भुंग्यावर माझा राग नाही. तो लाकडात जन्मतो, लाकूड खातो, पंख फुटले की भोक पाडून उडून जातो, त्याच्या जातीचं तो करतो. राग येतो तो त्या भुशाबरोबर दर उन्हाळ्याला जे सगळं वरून खाली येतं त्याचा. माणूस साठीला टेकलं की राग निवतो म्हणतात. कोणाचा निवतो देव जाणे, माझा तर दरवर्षी ताजा होतो.

आमचं गाव भालकी तालुक्यातलं. कारखान्याला ऊस, शिवारात तूर आणि सोयाबीन, उदगीरला जाणारी बस. मी इथल्याच सरकारी मराठी शाळेत शिकवते. लग्न करून गेले होते, तीन वर्षांत परत आले, ती कथा वेगळी आणि ती सांगायला मला वेळ नाही. घर आमचं माळवदाचं: दगडामातीच्या भिंती, त्यांवर सात तुळया, तुळयांवर फळकुटं, पाला आणि वर पांढरी माती. एकच लांबलचक खोली. अलीकडे दार, पलीकडे चूल. चूल होती तिथं आता माझं टेबल आहे. हे घर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, स्वतःच्या हातानं बांधलं. वाडा नाही, बिडा नाही. दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या माणसाचं घर ते.

सात-आठ वर्षांमागचा तो उन्हाळा मला अजून वासासकट आठवतो. घासलेटाचा वास, ओल्या चुन्याचा वास, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या केसांना येणारा त्या दोन्हींचा मिळून वास. गल्लीत तेव्हा निम्म्या दारांना कुलपं लागली होती. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला. माझा धाकटा भाऊ गौतमही पुण्यात, कंपनीत. जयंतीला सगळे यायचे, चार दिवस कुलपं निघायची, गल्लीत पोराटोरांचा नुसता गोंधळ, मग पुन्हा कुलपं. पुण्याहून आलेल्यांची एक सवय मी बघून ठेवली होती. दारात पाय ठेवला की आधी वर बघायचे. छताकडे. जणू आता डोक्यात पडणार.

गौतमनंही बघितलं, त्या साली जयंतीच्या महिनाभर आधीच आला होता तेव्हा. त्या दिवशी मायनं, म्हणजे आमच्या आईनं, त्याच्या ताटात बेसन वाढलं, आणि वरून बरोबर ताटातच भुसा पडला. बारीकशी धार, हलत हलत आली. गौतमची बायको तोंडाला पदर लावून हसली. गौतम नाही हसला.

"अक्का, हे पाडायचं," तो म्हणाला. "ह्या मे महिन्यात पाडू, दिवाळीला स्लॅब. मायला पुण्याला नेतो तवर."

"आणि मी कुठं राहू? शाळेच्या व्हरांड्यात?"

"तसं न्हाई गं. पण भुंगा लागलेलं घर किती दिवस ठेवणार हायस? अप्पांनी कच्चं लाकूड घातलं, त्याला मी काय करू? घाई केली त्यांनी. चांगलं वाळवून, भिजवून घातलं असतं तर आज ही वेळ आली असती व्हय?"

कच्चं लाकूड. घाई केली. हे दोन बोल आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले. पावसाळ्यात माळवद ठिबकलं की शेजारी म्हणायचे, दार घासलं की पाव्हणे म्हणायचे. मी स्वतःही म्हटलेलं आहे. खोटं कशाला सांगू? माय भाकरी थापत असायची. काही बोलायची नाही. अप्पा जिवंत असेपर्यंत अप्पाही नाही.

माय त्या दिवशी एवढंच म्हणाली, "मी पुण्याला जायची न्हाई. ह्या तुळयांखालीच मला मरू द्या." तिला पुण्यातलं सगळं ठाऊक होतं. एकदा जाऊन आली होती. चौथ्या मजल्यावर दोन महिने खिडकीत बसून होती, परत आल्यावर म्हणाली, तिथं माणसाला जमीन दिसते पण लागत न्हाई.

मग ठरवायचं काय ते एकच होतं. औषध घालून तुळया वाचतात का, की पाडायचं. आणि ठरवायचं होतं मृगाच्या आत, कारण पावसाच्या आधी माळवदावर नवी माती टाकावी लागते, आणि पोखरलेल्या तुळयांवर ओझं टाकायचं कोणत्या भरवशावर? गौतमला मी सांगितलं, मला दीड महिना दे. तो म्हणाला, घे, पण लाकूड काय तुझं ऐकून बरं होणार न्हाई.

पहिल्यांदा बीदरहून फवारणीवाला आला. पाठीला पंप, हातात ड्रिल, पायात पांढरे बूट. घराकडं न बघताच त्यानं भिंतीच्या कडेनं जमिनीत भोकं पाडायला सुरुवात केली.

"अहो, किडा वर हाय, आणि तुम्ही जमीन कोरायलात?" मी म्हटलं.

"मॅडम, वाळवी जमिनीतनंच येते."

"ही वाळवी न्हाई. वाळवी मातीच्या नळ्या करते, कुठं दिसतात का तुम्हाला? हा भुंगा हाय. हा बघा भुसा."

"सगळं एकच, मॅडम."

सगळं एकच! चौथीच्या पोराला मी कीटकाचे पाय मोजायला लावते, आणि हा बाप्या पाठीवर विष घेऊन घरोघर फिरतो, त्याला किडा कुठला हेही बघायचं नाही. त्याला मी हाकलूनच दिलं. मायनं सारवलेल्या जमिनीत त्यानं पाडलेली तीन भोकं मी स्वतः शेणमातीनं बुजवली, आणि बुजवताना त्याला अशी काही नावं ठेवली की शाळेत कोणी ऐकलं असतं तर नोकरी गेली असती.

मग कोणीतरी मदारसाब चाचांचं नाव सांगितलं. भालकीत सुतारकाम करणारे, सत्तरीपुढचे, हात थरथरायचे पण पटाशी धरली की थांबायचे. ते आले, दारात चपला काढल्या, मायला सलाम केला आणि मधोमध जमिनीवर बसून राहिले. नुसते वर बघत. चहा झाला, पान झालं. मला वाटलं, झोपले की काय. मग शिडी मागितली. एकेका तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक करत गेले, कान लावला, पटाशीच्या टोकानं टोचून बघितलं. दुपारची वेळ, गल्ली चिडीचूप. तेवढ्यात मलाही ऐकू आलं. कुर्र, कुर्र. उंदरापेक्षा बारीक, चावून चावून खाल्ल्यासारखं.

"बेटी, ये चुना कौन लगाया?" त्यांनी वरून विचारलं.

माय चपापली. तिला वाटलं, चूक झाली. झालं होतं असं की गौतमनं मायसाठी गॅस आणून दिला, चूल बंद झाली, तुळया पूर्वीसारख्या काळ्या होईनात, आणि मग जयंतीच्या आधी भिंतींना चुना देताना माय तुळयांनाही द्यायला लागली. भोकं दिसू लागल्यावर तर चुन्यात गूळ कालवून ती बोटानं एकेक भोक लिंपायची. पाव्हण्यांना दिसू नये म्हणून. आमच्या घरातला भुंगा आमच्या घरातच राहावा म्हणून. आमच्या लोकांचं हे एक कायमचंच आहे. दोष कोणाचा का असेना, लाज आपणच लिंपत बसायचं.

चाचा हसले. "बहोत अच्छा किए, अम्मा. देखो अब."

त्यांनी मला शिडीवर चढवलं. चुना वर्षापूर्वीचा, पांढराशुभ्र. त्या चुन्याला फोडून जे भोक बाहेर आलंय ते नवं, कडा पिवळ्या, आत ताजा भुसा. चुन्याखाली जे नुसते खळगे दिसतात ते जुने, तिथला किडा केव्हाच उडून गेलेला. मेलेल्या भोकात औषध घालून काय उपयोग? लपवायला लावलेला मायचा चुनाच सगळं सांगत होता. मी मोजत गेले. दारापासून पहिल्या चार तुळयांवर चुना अभंग होता, एक भोक नाही. पाचवी, सहावी, सातवी मात्र चाळणी झालेल्या.

"चारों लकड़्यां पानी पिए सो हैं," चाचा खाली उतरत म्हणाले. "ये तीन प्यासेच चढ़ा दिए. मगर चढ़ाने वाला होशियार था. तीनों कू चूल्हे के ऊपर रखा. धुआँ खाते बैठे तीस साल. धुआँ बंद हुआ, कीड़ा जाग गया." मग मायकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "अम्मा, चार कू भिगाए, तीन कू काए कू नहीं भिगाए?"

आमच्या भागात बाभळीची तुळई अशी तशी घालत नाहीत. अंधाऱ्या पंधरवड्यात झाड तोडायचं, मग तीन-चार महिने पाण्यात बुडवून ठेवायचं. बाभळीच्या अंगातला गोडवा पाण्यात उतरतो, पाणी काळं होतं, लाकूड बेचव होतं, आणि बेचव लाकडाला भुंगा तोंड लावत नाही. गावाच्या तळ्यात सगळ्यांची लाकडं पडलेली असायची. ज्यानं त्यानं आपापल्या लाकडावर कुऱ्हाडीनं खूण करायची, कोणाचं लाकूड कोणी नेत नसे. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही अप्पांच्या सात लाकडांचं काय झालं, हा प्रश्न मला पंचेचाळीस वर्षांत एकदा पडला नव्हता. लाकडाचं सोडा, माझ्या अकलेचीच कमाल.

माय बोलली ती चाचांशी, माझ्याशी नाही. 

"सातीच्या साती टाकली होती तळ्यात. लांबच्या कोपऱ्याला, जिथं म्हशी बसतेत तिथं. ह्यांनी खूण केली होती, तीन आडव्या रेघा. आठ दिस झाले. नवव्या दिशी बैल लावून लोकांनी सगळी ओढून काढली अन् आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून टाकली. म्हणले, तुमच्या लाकडानं पाणी बाटतंय."

म्हशी डुंबायच्या त्या पाण्यात. म्हशी त्यातच मुतायच्या, कुत्री धुतली जायची, बैलांच्या अंगावरचे गोचीड त्यातच. त्या पाण्याला विटाळ झाला तो आमच्या बाभळीचा! आम्ही बौद्ध होऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. घरात फोटो बदलले, सण बदलले, बोलणं बदललं. तळ्याला कोणी कळवलं नव्हतं.

"मग ह्यांनी घरामागं खड्डा खणला," माय सांगत होती. "आमच्या आडाचं पाणी. गल्लीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन यायच्या. आज भरला की उद्या जमिनीत जिरायचं. तीन महिने मी लाकडाला पाणी पाजलं, बाळंतिणीला पाजावं तसं. खड्ड्यात चारच मावली. बाकीच्या तिघांची पाळी यायच्या आत मिरग आला."

"थोडं थांबायचं होतं की मग," मी म्हटलं. "पुढच्या साली बांधायचं."

मायनं माझ्याकडं बघितलं. "पालाच्या खोपीत होतो आपण. तू चार वर्षांची. अन् माझे दिस भरले होते. पावसात खोपीत कसं बाळंत व्हावं? ते म्हणले, तीन कोरडीच घालू, चुलीवर घालू, धुरानं राहतील. घरावर माती पडली अन् आठव्या दिशी गौतम झाला."

अशी ती घाई! ज्याच्यासाठी केली तो पुण्याहून येऊन ताटातला भुसा बघतो आणि बापानं कच्चं लाकूड घातलं म्हणतो. आणि मी त्याची शहाणी बहीण, पोरांना शिकवणारी, मीही तेच म्हणत आले.  तळ्यावरच्या लोकांचा राग होताच, पण खरं सांगते, त्या क्षणी सगळ्यात जास्त राग मायचा आला.

"इतकी वर्षं कामून सांगितलं न्हाईस?" मी ओरडलेच. चाचा उठून बाहेर गेले, शहाणा माणूस. "लोक अप्पांना नावं ठेवायचे, आम्ही ठेवायचो, अन् तू भाकरी थापत बसायचीस?"

"सांगून काय करणार होतीस? त्याच लोकांच्या पोरांसंगं शाळेत बसत होतात तुम्ही. डोक्यात आग घेऊन गेला असतात तर पाढे शिकला असतात व्हय? तुझे अप्पाच म्हणले, पोरांना सांगू नको, मला म्हणू देत काय म्हणायचं ते."

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. आमचं शिक्षण व्हावं म्हणून आपलं नाव खराब करून घ्यायचं. किती सहज ठरवलं! कोणत्या हक्कानं? मला विचारलं असतं तर मी आग घेतली असती, पाढेही शिकले असते, दोन्ही केलं असतं. पण अप्पांना आता कुठं जाऊन हे सांगू? चार-पाच वर्षं झाली होती त्यांना जाऊन. त्यांच्या शेवटच्या आजारपणात याच सहाव्या तुळईखाली त्यांची खाट होती, आणि मी त्यांच्या पांघरुणावरचा भुसा झटकत म्हटलं होतं, अप्पा, लाकूड जरा बघून घ्यायचं होतं हो. ते हसले होते. नुसते हसले होते.

त्या संध्याकाळी गौतमला फोन केला. सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये त्याला बोलू दिलं नाही.  

"ऐकलंस का?"

"ऐकलं," तो म्हणाला. "औषध कोणतं घालायचं म्हणले चाचा?"

औषध साधंच. घासलेटात दुकानातलं भुंग्याचं औषध मिसळायचं, इंजेक्शनच्या सुईनं एकेका जिवंत भोकात सोडायचं, वरून मेण दाबायचं. पंधरा दिवस मी शाळेतून आले की शिडीवर. माय खाली शिडी धरून. तोंडाला ओला फडका, मान आखडलेली, हाताची साल निघालेली. जयंतीच्या दिवशी गौतम आला तो थेट शिडीवर चढला, पांढरा सदरा घालून. मी म्हटलं, अरे सदरा! म्हणाला, राहू दे. पाचवी आणि सहावी वाचतील असं चाचांनी सांगितलं. सातवीत मात्र पटाशी मुठीपर्यंत गेली. तिला औषध घालणं म्हणजे मेलेल्याला सलाइन लावणं. तिच्याखाली दोन टेकू दिले, पावसाळा तेवढ्यावर काढायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुळई बदलायची असं ठरलं.

"गर्डर टाक लोखंडी," गौतम म्हणाला.

"न्हाई," मी म्हटलं. "बाभूळ."

आश्विनातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात बांधावरची बाभूळ विकत घेऊन तोडवली. बैलगाडीवर घातली, आणि मी, सरकारी शाळेची मास्तरीण, गाडीपुढं चालत भर दुपारी गावातून निघाले. पारावरून. मुद्दाम पारावरून.  कोणी अडवलं तर काय बोलायचं ते मी रात्रंदिवस पाठ केलं होतं, एकही शब्द खाली पडू देणार नव्हते.

कोणी अडवलं नाही. तळ्यात आता कोणाचंच लाकूड नव्हतं. गाळ साचलेला, कडेला बेशरमाची झुडपं. मी स्वतःच्या हातानं कुऱ्हाडीच्या तीन आडव्या रेघा मारल्या. तेवढ्यात पंचायतीचा मेंबर मोटरसायकल थांबवून आला. ज्यांनी अप्पांच्या लाकडांना बैल लावले त्यातल्याच एकाचा नातू. माझाच विद्यार्थी. चांगला मुलगा. गाडीवाल्याबरोबर हात लावून त्यानं लाकूड पाण्यात ढकलायला मदतही केली.

"कामून भिजवायलात, मॅडम? आजकाल कोण भिजवतंय? गर्डर टाका की."

"इथं टाकलं तर चालतंय न्हवं?" मी विचारलं.

"चालतंय म्हणजे? तळं सगळ्यांचंच हाय की, मॅडम."

इतक्या सहज म्हणाला! त्याला काही ठाऊकच नव्हतं. त्याच्या आजानं त्याला सांगितलं नव्हतं, माझ्या बापानं मला सांगितलं नव्हतं. पाठ केलेलं सगळं बोलायचं तसंच राहिलं. भांडायला आले होते, आणि समोर भांडायला कोणी नाही. असा राग वाईट. अडवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटावं, ही काय तऱ्हा झाली? मी त्याला तिथंच काठावर बसवलं आणि सगळं सांगितलं. खड्डा, घागरी, खोप, सगळं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, मला न्हाई माहीत हे. मी म्हटलं, आता झालं ना माहीत, विसरू नकोस, परीक्षेला विचारणार आहे.

यंदाचा भुसा त्या पाचवीतून पडतोय. गौतमला फोन केला तर म्हणाला, सुई आणून ठेव, जयंतीला येतो. पाडायचं नाव तो आता काढत नाही. माय ज्या तुळयांखाली मरायचं म्हणाली होती त्यांच्याखालीच गेली, दोन वर्षांमागं. सातवी तुळई नवी आहे, तिच्यावर एक भोक नाही.

त्या आश्विनातलं एक राहिलं. लाकूड तळ्यात टाकल्यावर चार दिवसांनी दिवाळीला गौतम आला, आणि आम्ही दोघं मायला तळ्यावर घेऊन गेलो. त्या काठावर ती तेव्हापासून कधी गेली नव्हती. गौतमनं तिला हाताला धरून बसवलं. लांबच्या कोपऱ्यात आमची बाभूळ अर्धी बुडालेली दिसत होती, तीन रेघा पाण्यावर. भोवतीचं पाणी काळं व्हायला लागलं होतं. मला वाटलं, माय आता रडेल. मी पदर पुढं केला.

मायनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं, मग माझ्याकडं वळून कडाडली, "एकच कामून टाकलीस? सात होती."